थर्मामीटर पोहोचला, हात पोहोचला नाही



अकोल्याच्या जठारपेठेत उभे राहून मान वर केली की दवाखान्यांच्या पाट्या दिसतात. हाडांचे डॉक्टर, लेकरांचे डॉक्टर, कातडीचे डॉक्टर. पाटीवर डॉक्टरांचे नाव असते, डिग्री असते. आत वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या मुलींचे नाव कुठेच नसते, आणि त्या मुलींत आपल्या वस्त्यांतून आलेल्या किती तरी असतात. अशाच काही जणी आणि जीएनएमला शिकणाऱ्या विद्यार्थिनी दर रविवारी जठारपेठेतल्या एका खोलीत आमच्यासोबत अभ्यासाला बसतात. मागच्या महिन्यात 'त्वचा, केस आणि नखे यांची तपासणी' हा धडा चालू होता. एकीने वहीतून वाचले, "सामान्य त्वचा ही गुलाबीसर, उबदार, कोरडी आणि लवचीक असते." वाचता वाचता ती थांबली. स्वतःच्या मनगटाकडे पाहिले. म्हणाली, "मंग दादा, आपण सारेच अॅबनॉर्मल का?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाताना ते हसू टिकले नाही. कारण तिने विचारलेला प्रश्न नर्सिंगचा नव्हताच, तो इतिहासाचा होता. कोणाची कातडी पाहून हे पुस्तक लिहिले गेले? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न असा की, आपल्या कातडीला तपासण्यासाठी हात लावायला या देशात कोण तयार होते?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आपल्यातील बहुतेकांनी वाचले असेल. गोरेगावचा प्रवास, बडोद्यातील पारशी धर्मशाळा, चाळीसगावचा टांगा, दौलताबादचा हौद हे प्रसंग आपण भाषणांतून सांगतो. पण त्यातील डॉक्टरचा प्रसंग आपण भरभर पुढे नेतो. तो बाबासाहेबांचा स्वतःचा अनुभव नाही. काठियावाडमधील एका अस्पृश्य शिक्षकाने लिहिलेले ते पत्र होते आणि ते गांधींच्या 'यंग इंडिया'च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात छापून आले होते. बाबासाहेबांनी ते मुद्दाम आपल्या लिखाणात घेतले.

त्या शिक्षकाची बायको बाळंत झाली. दोन दिवसांनी ती आजारी पडली. जुलाब सुरू झाले, वाचा गेली, छाती सुजली, श्वास घेणे अवघड झाले, बरगड्या दुखू लागल्या. नवरा डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, मी अस्पृश्यांच्या वस्तीत येणार नाही. मग नगरशेठ आणि दरबाराकडे विनवण्या झाल्या. नगरशेठने डॉक्टरच्या दोन रुपये फीची हमी घेतली. तेव्हा डॉक्टर आला, तोही बाईला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. दोन दिवसांची बाळंतीण आणि तिचे मूल वस्तीबाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. रात्रीचे आठ वाजले होते. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला, न्यूमोनिया सांगितला आणि निघून गेला. औषध पाठवले. पुन्हा पाहायला मात्र आला नाही. ती बाई गेली.

आता हे पत्र आमच्या रविवारच्या मुलींसारखे, म्हणजे नर्सच्या नजरेने वाचून पाहा. जातीचा अन्याय म्हणून आपण ते वाचलेच आहे. पण त्या रात्री नेमके काय तपासले गेले नाही, हे आपण कधी मोजले आहे का?

जुलाब होत असलेल्या रुग्णाच्या अंगातले पाणी किती गेले, हे थर्मामीटर सांगत नाही. ते कातडी सांगते. गळ्याच्या हाडाखाली किंवा हातावर कातडीची चिमूट घ्यायची आणि सोडायची. चिमूट लगेच बसली तर ठीक, तशीच उभी राहून हळूहळू बसली तर शरीर सुकले आहे. छाती भरलेल्या रुग्णाला हवा पुरते की नाही, हे ओठ, जीभ आणि नखे सांगतात. नख दाबायचे, ते पांढरे पडते, सोडायचे आणि मनात मोजायचे. दोन-तीन सेकंदांत रंग परतला तर रक्त टोकापर्यंत पोहोचते आहे. नाही परतला तर धोका आहे. हाताच्या मागच्या बाजूने रुग्णाचे कपाळ, मग हात, मग पाय चाचपायचे. कपाळ तापलेले आणि पाय थंडगार, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडते आहे. घाम आहे का, तो चिकट आहे का, पायावर बोटाने दाबल्यावर खड्डा राहतो का. यातले एकही काम यंत्राचे नाही. दोन रुपये लागत नाहीत, दिवासुद्धा निम्म्या कामाला पुरे. लागतो तो फक्त हात, आणि त्या डॉक्टरकडे दोन्ही हात होते.

म्हणून आम्ही म्हणतो की थर्मामीटर पोहोचला, हात पोहोचला नाही. अस्पृश्यता म्हणजे फक्त पाणवठा आणि मंदिर नव्हे. अस्पृश्यता हे वैद्यकातले अज्ञानही आहे. ज्या शरीराला तुम्ही हात लावत नाही, त्या शरीराबद्दल तुम्हाला काही कळू शकत नाही. मग त्या शरीराला काय झाले आहे, ते तुम्ही अंदाजाने ठरवता किंवा पोथीतून ठरवता.

पोथीतून ठरवण्याचा इतिहास तर फारच जुना आहे. कातडी, केस आणि नखे पाहून माणूस वाचायचा, ही गोष्ट या देशात नर्सिंगच्या पुस्तकाबरोबर आली, असे कोणी समजू नये. मनुस्मृतीने ती केव्हाच करून ठेवली होती, फक्त तिला रोग शोधायचा नव्हता. अकराव्या अध्यायात यादीच आहे. सोने चोरणाऱ्याची नखे खराब होतात, सुरा पिणाऱ्याचे दात काळे पडतात, ब्राह्मणाची हत्या करणाऱ्याला क्षय होतो, गुरुपत्नीशी व्यभिचार करणाऱ्याची त्वचा बिघडते. तिसऱ्या अध्यायात लग्नासाठी मुलगी कशी नसावी ते दिले आहे. तिचे केस तांबूस नसावेत, अंगावर केस अगदीच नसावेत किंवा फार नसावेत. कोड आणि कुष्ठ असलेली घराणी टाळावीत.

पाहिलेत ना? तीच कातडी, तेच केस, तीच नखे. नर्स नख पाहते तेव्हा विचारते, रक्तात लोह कमी आहे का, फुप्फुस जुने दुखणे घेऊन बसले आहे का. मनू नख पाहतो तेव्हा विचारतो, मागच्या जन्मी काय चोरले होते. एकीकडे लक्षण आहे, दुसरीकडे शिक्षा. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली तेव्हा हा रोगनिदानाचा ग्रंथही जाळला गेला, असे आम्हाला वाटते. आजही आपल्या आयाबायांच्या तोंडी 'कोणत्या जन्माचं पाप फेडून राह्यली' हे वाक्य कातडीच्या दुखण्यासाठीच जास्त येते. ते वाक्य कुठून आले, हे त्यांना प्रेमाने सांगितले पाहिजे.

कुष्ठरोगाइतके हे कुठेच स्पष्ट दिसत नाही, आणि आपला वऱ्हाड-विदर्भ तर या रोगाचा जुना मुलूख. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आहे, अचलपूरजवळ कोठाऱ्याला मिशनचे कुष्ठरुग्णालय आहे, वर्ध्याजवळ दत्तपूर आहे, वरोऱ्याला आनंदवन आहे. एवढ्या संस्था एका पट्ट्यात का उभ्या राहिल्या, तर गावाने हाकललेली माणसे इथे तितकी होती म्हणून. कुष्ठरोगाची पहिली तपासणी किती साधी आहे पाहा. कातडीवर फिकट किंवा तांबूस चट्टा दिसतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे. चट्ट्यावर कापसाचा धागा किंवा पेनाचे टोक हलकेच टेकवायचे आणि विचारायचे, कुठे लागले ते बोट ठेवून दाखव. दाखवता आले नाही तर तो चट्टा बधिर आहे. एवढ्यावर रोग पकडता येतो, आणि तो औषधाने बरा होतो. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली केली. पण कायदा औषधाच्या मागेच राहिला. ब्रिटिशांनी १८९८ साली केलेला कुष्ठरोग्यांचा कायदा, ज्यात रुग्णाला पकडून कोंडून ठेवण्याची तरतूद होती, तो २०१६ साली रद्द झाला. नवरा-बायकोपैकी एकाला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची मुभा २०१९ साली काढली गेली. म्हणजे औषध मिळाल्यावर जवळपास चाळीस वर्षे हा देश कातडीच्या डागावरून माणसाचा संसार मोडायला परवानगी देत होता. आम्हाला यात मनूचा अकरावा अध्याय कायद्याच्या भाषेत दिसतो. कुणाला अतिशयोक्ती वाटली तर वाटो.

स्पर्शाच्या इतिहासात १८९७ हे साल वेगळे काढून वाचायला हवे. त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. प्लेगची तपासणी म्हणजे काख आणि जांघ चाचपून गाठ शोधणे. साथरोगाचा कायदा फेब्रुवारीत झाला, रँड पुण्यात आला, सोजीर घरांत शिरले, माणसांना उघड्यावर तपासले गेले, बायकांचीही गय झाली नाही. तो जुलूमच होता, त्याचे समर्थन आम्ही करत नाही. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली आणि शाळेच्या पुस्तकात १८९७ चा प्लेग तिथे संपतो. विटाळ, अब्रू, धर्म बुडाला, ही त्या प्रकरणाची भाषा आपल्याला पाठ असते.

पण त्याच पुण्याच्या वेशीवर, त्याच वर्षी, दुसरा एक हात प्लेगची गाठ आलेल्या अंगाला लागत होता. सावित्रीबाईंनी मुलाला, डॉ. यशवंतला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने पडला आहे असे कळल्यावर त्या स्वतः गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या वेळी सहासष्ट वर्षांच्या होत्या.

एक गोष्ट विचारतो. सावित्रीबाईंना आपण पहिली शिक्षिका म्हणतो, ३ जानेवारीला फोटोला हार घालतो. जिथे नर्सिंगच्या मुली शिकतात तिथे फ्लॉरेन्स नाईटिंगेलचा फोटो असतो, १२ मेला मेणबत्त्या लावून शपथ होते. नाईटिंगेलबाईंचे काम मोठे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण महारवाड्यातल्या प्लेगग्रस्त पोराला पाठीवर घेणाऱ्या बाईचा फोटो त्याच भिंतीवर का नसावा? आमच्या रविवारच्या दहा मुलींपैकी सावित्रीबाई रुग्णसेवेत मेल्या हे तिघींना माहीत होते. दोष मुलींचा नाही. आपण त्यांना सांगितलेच नाही.

सावित्रीबाईंच्या आधीचा हातही विसरू नये. तो सुईणीचा. अनेक गावांत बाळंतपण करणे, नाळ कापणे, वार पुरणे हे काम आपल्याच वस्तीतल्या, महार-मांगांच्या बायांकडे होते, कारण ते विटाळाचे मानले जाई. म्हणजे विटाळाच्या क्षणी सवर्णाच्या घरात आपला हात चालत होता, आणि लेकरू न्हाऊन-धुऊन शुद्ध झाले की तोच हात दाराबाहेर. त्या सुईणीला काय कमी कळत होते? जन्मलेल्या लेकराचा रंग, त्याची ओली-कोरडी कातडी, तळपाय, नखे, पिवळेपणा हे ती रोज पाहत होती. पण ते ज्ञान म्हणून कोणी लिहून घेतले नाही. आणि तिच्या स्वतःच्या बाळंतपणाला काय होते? जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते, हे तिने त्यात लिहिले. सतरा दशके होत आली. इतरांची बाळंतपणे करणाऱ्यांच्या मुलीने लिहिलेले ते वाक्य दाई-प्रशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तकात आम्हाला अजून सापडलेले नाही.

दवाखाने आले तेव्हा नावे व्हाइसरॉयच्या बायकांची लागली. अमरावतीत बाईला बाळंतपणाला न्यायचे तर लोक आजही 'डफरीनला नेलं' म्हणतात, अकोल्यात 'लेडी हार्डिंगला'. सवर्ण घरांना नर्सिंग हे परक्याच्या अंगाला, घाणीला हात लावायचे काम वाटे, म्हणून त्या घरच्या मुली त्यात येत नसत. या कामात आधी दिसल्या त्या ख्रिस्ती मुली, मिशनच्या दवाखान्यांत शिकलेल्या. १९४६ साली भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा देशात ४३,००० माणसांमागे एक नर्स होती. याला गरिबी हे एक कारण आहेच. पण ज्या समाजात परक्या अंगाला हात लावणे हेच कमीपणाचे, त्या समाजात नर्स कुठून येणार? हे कारण समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला कोणी शिकवले नाही, ते आम्ही वॉर्डात शिकलो.

कसे शिकलो ते सांगतो. दवाखान्याचे नाव लिहीत नाही, गावाचेही नाही. आमच्या एका कार्यकर्त्याची आजी लकवा मारल्यामुळे खासगी रुग्णालयात भरती होती. रंग आपल्यासारखाच, पक्का सावळा. पाचव्या दिवशी टाचेला आणि माकडहाडावर जखम उघडी पडली. रोजच्या नोंदीच्या कागदावर चार दिवस 'त्वचा : लालसरपणा नाही' असे लिहिलेले होते. ते खोटे नव्हते. लालसरपणा दिसतच नव्हता, कारण काळ्या कातडीवर तो तसा दिसत नाही. तिथे काम करणारी मावशी, बेडपॅन देणारी, चादर बदलणारी, आपल्याच समाजाची होती. ती आम्हाला जिन्यात म्हणाली, "म्या तिसऱ्या दिवशीच सांगतलं होतं, बुढीची टाच गरम लागून राह्यली, कडक झाली. मले म्हने, तू तुयं काम कर."

मित्रांनो, मावशीने जे सांगितले ते आजच्या पाठ्यपुस्तकातले बरोबर उत्तर आहे. गडद कातडीवर दाबाची जखम होऊ घातली असेल तर रंगाची वाट पाहायची नाही. शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम आहे का, थंड आहे का, कडक आहे का, पिलपिली आहे का, दुखते का, हे हाताने पाहायचे. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ साली मांडलेला तक्ता आज जगभर वापरतात. रुग्णाला जाणीव किती, ओल किती, हालचाल किती, अन्न किती, चादरीवर अंग घासते किती, याचे गुण त्यात देतात. तो तक्ता भरायला दोन मिनिटे लागतात. मावशीला तक्ता माहीत नव्हता. तिला टाच माहीत होती. पण तिच्या तोंडाला नोंदीचा अधिकार नव्हता. काठियावाडात रुग्ण अस्पृश्य होता म्हणून हात लागला नाही. इथे हात लागला होता, त्या हाताने बरोबर ओळखलेही होते, पण तो हात ज्याचा, त्याचे ऐकायचे नाही असे ठरलेले होते. आजी वाचली. जखम भरायला चार महिने गेले.

आता वहीतल्या 'गुलाबीसर' शब्दाकडे येतो. हा शब्द कुण्या दुष्टाने लिहिलेला नाही. पुस्तके गोऱ्या देशांत लिहिली गेली, चित्रे गोऱ्या रुग्णांची छापली, आणि आपल्याकडे नोट्स करणाऱ्यांनी ते जसेच्या तसे उतरवले. पण त्याची किंमत मोजली जाते. न्यूमोनियाच्या रुग्णाचे ओठ निळे पडतात असे शिकवतात. सावळ्या ओठांवर तो निळेपणा राखाडी दिसतो, पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून ओठ खाली ओढून आतला भाग पाहायचा, जीभ पाहायची. फिकटपणा गालावर शोधायचा नाही. तो खालची पापणी ओढून, तळहातावर आणि हिरड्यांवर पाहायचा. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आणि टाळूवर पाहायची. लंडनमधल्या मलोन मुक्वेंडे या काळ्या वैद्यकीय विद्यार्थ्याने २०२० साली दोन शिक्षकांच्या मदतीने काळ्या आणि सावळ्या कातडीवरची लक्षणे दाखवणारी 'माइंड द गॅप' ही पुस्तिकाच काढली, कारण वर्गात त्याला पडलेला प्रश्न आमच्या विद्यार्थिनीचाच होता.

यंत्र तरी निःपक्षपाती असेल? कोरोनात आपण सगळ्यांनी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर आठवा. आकडा ९२ च्या वर असला की हायसे वाटायचे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या संशोधकांनी दाखवले की यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तात प्राणवायू घातक पातळीला उतरलेला आहे, असे काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा घडत होते आणि गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा. यंत्र उजेड कातडीतून पार करून मोजते, आणि ते मुख्यतः उजळ कातडीवर पारखलेले होते. यंत्राला जात नसते, रंगद्वेषही नसतो. पण ते कोणाच्या बोटावर पारखायचे, हे माणसे ठरवतात.

इथे एक सावधगिरी. सावळी कातडी म्हणजे दलित आणि उजळ कातडी म्हणजे सवर्ण, असे समीकरण कोणी करू नये. वऱ्हाडातला कुणबी, माळी, ब्राह्मण शेतात राबला की आपल्याइतकाच काळा होतो, आणि आपल्या घरांतही गोरीपान लेकरे जन्मतात. रिस्लेसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नाकाची मापे घेऊन जाती म्हणजे वेगळे वंश असे ठरवायचा प्रयत्न केला. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकाच्या मापांचेच आकडे समोर ठेवून तो वंशाचा सिद्धान्त खोडून काढला. म्हणून 'गुलाबीसर'चा प्रश्न या देशातल्या जवळपास प्रत्येक रुग्णाचा आहे. फक्त हात न लागणे आणि न ऐकले जाणे हे त्यावर आपल्या वाट्याला जास्तीचे आलेले आहे.

एक दुखणे मात्र विदर्भात आपल्या समाजाला विशेष ओळखते, ते सिकलसेल. आदिवासींबरोबर पूर्वाश्रमीच्या महार समाजातही त्याचे प्रमाण लक्षणीय आहे, हे इथल्या डॉक्टरांनी अनेक दशकांपूर्वीच नोंदवले आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे, तो असायलाच हवा. पण अकोला-अमरावतीच्या बौद्ध वस्त्यांत ही तपासणी आपणच मागून घ्यावी लागेल. त्याची पहिली चाहूलही कातडी-नखांतच लागते. सहा महिन्यांनंतरच्या लेकराच्या हाता-पायाची बोटे अचानक सुजतात, ते किंचाळून रडते. डोळे पिवळट, तळहात फिके. मोठ्या माणसात घोट्याजवळची जखम महिनोन् महिने भरत नाही. असे पोर दिसले की 'नजर लागली' म्हणून मिरच्या ओवाळू नका, रक्त तपासा. आणि हे 'रक्तातलं पाप' नाही. मलेरियाच्या मुलखात हा बदल टिकून राहिला, कारण एकाच पालकाकडून तो मिळालेल्यांना मलेरियापासून थोडे संरक्षण मिळत होते.

आता आपल्याच लोकांशी थोडे भांडण. विहारात एक काका आम्हाला म्हणाले, "बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हटलं, घाणीतून बाहेर या म्हटलं, अन् तुम्ही पोरींले पुन्हा दुसऱ्याची घाण काढाले पाठवता." काकांचा राग आम्हाला कळतो. ज्यांच्या आईने आयुष्यभर दुसऱ्याचे उपसले, त्यांना मुलगी ऑफिसात बसलेली पाहायची आहे. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बुद्धांच्या रुग्णसेवेचे प्रकरण का घातले असेल? जुलाबाने स्वतःच्याच मळात पडलेला भिक्खू, ज्याच्याकडे सोबत्यांपैकी कोणी फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, दोघांनी मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. काठियावाडातली बाई आणि हा भिक्खू, दोघांनाही जुलाबच होते. एकीला मिळाला हातोहात आलेला थर्मामीटर, दुसऱ्याला मिळाले दोघांचे हात. काका, लादलेले काम आणि शिकून केलेले काम यात फरक आहे. गावाने ढोर ओढायला लावले तेव्हा पगार, पद, नकार देण्याचा हक्क यांतले काही नव्हते. नर्सला नोंदणी क्रमांक आहे, तिच्या सहीने नोंद होते. भांडायचेच असेल तर ती सही खरोखर चालते का, पगार कागदावरचा हातात येतो का आणि मावशीचे सांगणे त्या कागदावर का येत नाही, यासाठी भांडू. काका अजून पूर्ण पटलेले नाहीत. त्यांची नात मात्र येत्या वर्षी एएनएमला अर्ज करणार आहे.

रविवारी आता आम्ही धडा वाचण्याआधी एकमेकींचे हात तपासायला लावतो. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइट बंद करून, कारण पिवळ्या दिव्यात कावीळ लपते आणि निळ्या उजेडात सगळेच आजारी दिसतात. मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर पायाचे नख घ्यायचे. दोन्ही हातांच्या तर्जनीची नखे समोरासमोर टेकवायची आणि मधे शंकरपाळ्यासारखी बारीक फट दिसते का पाहायचे. दिसली नाही तर बोटे फुगलेली आहेत, फुप्फुस किंवा हृदय तपासायला हवे. ही खूण दक्षिण आफ्रिकेतल्या लिओ शॅमरॉथ या डॉक्टरने स्वतः आजारी असताना स्वतःच्याच बोटांवर टिपली होती. मुलींना ती फार आवडली, आता चहाच्या टपरीवरसुद्धा नखे जोडून बसतात.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिने मागच्या आठवड्यात वही दाखवली. 'गुलाबीसर' या शब्दावर रेघ मारून तिने लिहिले होते : "रुग्णाचा स्वतःचा नेहमीचा रंग. त्याला किंवा घरच्यांना विचारावा. ज्या मावशीने अंग पुसले तिलाही विचारावे." परीक्षेत हे लिहिले तर मार्क मिळतील का, असे तिने विचारले. आम्ही म्हटले, पेपरात आधी पुस्तकातले लिही, खाली तुझे लिही.